बाजारातला पाट

"तुजी म्हातारी कशी हाय गो?" हौसाने विचारलं. पाटीतले शेवटचे बांगडे गिऱ्हाइकाच्या पिशवीत टाकता टाकता कमळा म्हणाली, "कोन?"

हौसा आधी बघतच राहिली आणि मग अशी हसली की मासळीबाजारातल्या त्या ओळीतल्या सगळ्या बायकांनी माना वळवल्या. "कोन म्हनं! अगो, सासू तुजी! ठमाबाय! इसारलीस काय?" मग बाकीच्याही हसल्या. गिऱ्हाईक, कुठल्यातरी कचेरीतले कारकून असावेत, उगाच आपणही हसले आणि पिशवी घेऊन गेले. कमळा हसली, पण तिचे हात पाटीच्या काठावर तसेच राहिले. तिने थट्टा केली नव्हती. खरोखरच, क्षणभर, तिला कुठलीच म्हातारी आठवली नव्हती. पहाटे जिची कूस बदलून दिली, जिचं लुगडं बदललं, जिच्या ओठांच्या कोपऱ्यातून ओघळणारी पेज पदराने टिपली, ती बाई बंदरावर लिलावाला उभं राहिल्यापासून डोक्यातून पार पुसली गेली होती. काल गणपती पाण्यात गेले होते. श्रावणापासून तोंड बांधून बसलेलं अर्धं रत्नागिरी आज पिशव्या घेऊन बाजारात उतरलं होतं, आणि कमळा ओरडत होती, बांगडा वर धरून त्याचे लाल कल्ले दाखवत होती, एकीशी भांडत होती, दुसरीला गोड बोलत होती. एवढ्या धामधुमीत सासू कुठे राहिली कोण जाणे. आता ती एकदम परत आली. घरचं माणूस असं विसरतं का? आणि विसरलं तर इतकं बरं वाटतं का? कारण बरं वाटत होतं, यात शंका नव्हती. खांदे हलके होते. घसा बसला होता आणि तोही छान वाटत होता.

"मंग?" हौसाने आवाज खाली आणला. "पाट नेतेस आज?"

पाट म्हणजे फणसाच्या लाकडाचा एक बसका तुकडा, मधोमध ठमाबाईच्या बसण्याने झिजलेला. या ओळीत जागा कुणाची ते पाटावरून कळे. बाई आजारी पडली, बाळंत झाली, गावाला गेली, तर शेजारीण तिचा पाट उलटा घालून ठेवी. उलट्या पाटावर कुणी बसत नसे, महिने गेले तरी. पण ज्या दिवशी पाट उचलून घरी नेला त्या दिवशी जागा मोकळी झाली, मग रडून उपयोग नसे. ठमाबाईचं डावं अंग गेलं तेव्हा हौसाने हा पाट असाच उलटा घालून राखला होता, आणि एका सकाळी कमळाने येऊन तो सुलटा केला आणि वर बसकण मारली होती. आता तो घरी न्यायचा हुकूम सुटला होता, पहाटे बंदराच्या वाटेवर कमळाने हौसाला ते सांगितलं होतं. हुकूम राहीचा. राही म्हणजे कमळाची नणंद, वेळणेश्वराला नारळीच्या वाडीत दिलेली, आईच्या आठवणीने दर सणाला डोळे भरून येणारी आणि चार दिवस राहून परत जाणारी. काल जेवताना ती म्हणाली होती, "वयनी, उद्या जा नि पाट घेऊनच ये. लय झालं आता. आयजवळ घरचं मानूस नको? सून बाजारात नि आयला शेजारी बगतायत, लोकं काय म्हनत असतील!" भिवा, कमळाचा नवरा, ट्रॉलरवर जाणारा माणूस, समुद्रात कुणाला न घाबरणारा, बहिणीपुढे ताटात बघत म्हणाला होता, "राही म्हनते तसं बग." कमळाने उष्टी ताटं उचलली होती. राही म्हणत होती त्यात वाईट असं काय होतं? घरचं माणूस जवळ हवं, हे खोटं कसं म्हणायचं?

"राऊ दे," कमळा म्हणाली. "उलटा घाल."

म्हणून टाकलं खरं. हौसाने डोळे बारीक करून तिच्याकडे पाहिलं, पाट पाण्याने खळखळून धुतला आणि पालथा घातला. कमळाने रिकामी पाटी कमरेवर घेतली आणि बाजाराबाहेर पडली. बाहेर रिक्षा उभ्या होत्या. एका रिक्षावाल्याने तिच्याकडे पाहून घाईने मान वळवली. मासळीवालीला बसवलं की दिवसभर वास जात नाही म्हणतात. घरी जाऊन त्याच बाजारातले बांगडे चापून खातील आणि वासाचं नाटक करतील. कमळाला त्याचा आज राग आला नाही. तिला चालायचंच होतं. घराकडचा मिरकरवाड्याचा उतार लागेपर्यंत राहीला काय सांगायचं ते जुळवायचं होतं, आणि त्याआधी त्या 'कोन?'चं काय करायचं ते ठरवायचं होतं. तिने तो शब्द पुन्हा एकदा हळूच तोंडात घोळवून पाहिला. तो तिला नवा नव्हता. सगळा पावसाळा तिने तो ऐकला होता, दिवसातून कितीतरी वेळा, खाटेवरून. "कोन तू? माजी सून कुटाय? तिला बोलीव." आधी कमळा सांगे, "मीच गो आये, कमळा." मग नुसतंच "मी" म्हणे. मग काहीच म्हणेनाशी झाली, पेजेची वाटी पुढे करी आणि म्हातारी त्या अनोळखी हाताकडे संशयाने बघत तोंड मिटून घेई. पावसाळ्यात ट्रॉलर बंद, होड्या वर ओढलेल्या, बाजारात सुकं विकणाऱ्या दोघीतिघी सोडल्या तर ओळ रिकामी. गणपतीत आल्या आल्या राही म्हणाली होती, "पावसाळ्यात तुला जरा इसावा मिळाला असंल नाय, बाजार नव्हता तर?" अख्ख्या गावाला असंच वाटत होतं. कमळालाही पहिले काही दिवस असंच वाटलं होतं.

विसावा कसला. पत्र्यावर पाऊस, वाळत नसलेली लुगडी दोरीवर, खाटेखालच्या भांड्याचा वास आणि त्यात ती आणि म्हातारी. भिवा घरी होता, आईला उचलायला त्याची मदत होई. त्याच्या दंडांत ताकद होती. पण आईचं तोंड पुसायची वेळ आली की तो बिडी शोधायला बाहेर जाई. एरवी सकाळी पडवीत येऊन बसणारा शेजारचा गंगाराम तांडेल पावसाळ्यात दापोलीकडे लेकीच्या घरी गेला होता. पलीकडच्या गोदाचं घर गळत होतं, तिला स्वतःचंच पुरेसं होतं. आषाढातल्या एका दुपारी कमळा मागच्या बाजूला पिंपाशी पाणी घ्यायला गेली आणि आतून हाक आली. "कोन हाय गो तिकडं?" कमळा तांब्या हातात घेऊन उभी राहिली. पुन्हा हाक आली. ती उभीच. तिला राग आला नव्हता, कंटाळाही आला नव्हता. तिला आपलं वाटत राहिलं की ही हाक आपल्याला नाही, इथे कुणी नाहीच, पिंप आहे आणि पाऊस आहे. किती वेळ गेला कोण जाणे. मग तांब्या हातातून पडला, त्या आवाजाने ती दचकली आणि आत धावली. त्या दिवसापासून तिला स्वतःची भीती वाटू लागली होती. म्हातारीची कधी वाटली नव्हती तेवढी.

उतारावर समुद्र दिसला. बंदरात ट्रॉलर खेटून उभे होते, किल्ल्यावरचा दीपस्तंभ उन्हात पांढराफटक दिसत होता. कमळा थांबली, पाटी दुसऱ्या कमरेवर घेतली. तशी म्हातारीची भीती तिला एके काळी पुष्कळ वाटायची. लग्न होऊन आली तेव्हा ठमाबाईने तिला ओळीच्या कडेला बसवलं, पुढ्यात कोळंबीचा वाटा मांडला आणि सांगितलं, ओरड. कमळाचा आवाज फुटेना. ठमाबाईने पाठीला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं. "गिऱ्हाईक काय तुज्या मनातलं ऐकाय येतंय? वरड!" आणि कमळा ओरडली होती, दुखलं म्हणून ओरडली होती, आणि समोरची बाई दचकून थांबली आणि कोळंबी घेऊन गेली. तेव्हापासून त्या दोघी रोज भांडत आल्या. पाटी कुणी उचलायची, बर्फ किती घालायचा, कुठल्या गिऱ्हाइकाला तोंड द्यायचं. बाजारातून घरी येईपर्यंत भांडत, आणि घरी आल्यावर मागच्या बाजूला बसून अंगाला साबण लावतानाही भांडत. आधी मागे जायचं, वास धुऊन काढायचा आणि मगच उंबरा ओलांडायचा, हा ठमाबाईचा नियम. त्या भांडणांना प्रेम म्हणायला कमळाची जीभ वळली नसती. पण गेल्या वर्षी म्हातारीचं डावं अंग गेलं आणि भांडण बंद झालं, तेव्हा घरात आवाजच राहिला नाही. हळूहळू तिच्या डोळ्यांतून कमळाही निघून गेली. सेवा करायला कमळाची कधीच ना नव्हती. जिच्याशी भांडावं ती बाई हरवली आणि तिच्या जागी एक शरीर उरलं, हेच तिला सोसत नव्हतं.

आणि आज बाजारात कितीजणींनी तिला कमळे म्हणून हाक मारली! कमळे, बर्फ आहे का. कमळे, मोड दे. कमळे, सरक की जरा. कोळशाच्या निखाऱ्यावर राख धरते आणि कुणी फुंकर घातली की तो लाल होतो, तसं तिला सकाळभर होत होतं. मग सासू विसरली गेली तर गेली. विसरली म्हणूनच आता घरी जाताना तिचे पाय जड नव्हते. पहाटे म्हातारीला धुऊन पुसून, पेज पाजून ती निघते, गंगाराम जाळं घेऊन पडवीत येतो. तो कधी म्हणत नाही की मी बघायला येतो. म्हणतो, "तुमच्या पडवीत उजेड बरा." डोळे अधू झालेल्या माणसाला उजेड कशाला लागतो, हे त्याला कुणी विचारत नाही. तो बोटांनी जाळ्यातलं भोक शोधतो, सुई घालतो आणि आतल्या म्हातारीशी कुठली होडी कुठल्या वादळात गेली यावर वाद घालतो. मधल्या वेळी गोदा येऊन पाणी पाजते, आणि दुपारी कमळा तिची मासळी साफ करून देते. यात उपकार कुणाचे कुणावर नाहीत. शेजारी बघतायत म्हणून लोक काय म्हणतील? लोकांना म्हणू दे. सकाळभराची सुटका आहे म्हणून उरलेला दिवस आणि सगळी रात्र तिच्याच्याने होते. सुटका काढून घ्या, मग घरचं माणूस राहील जवळ, पण ते पिंपाशी उभं राहील तांब्या घेऊन आणि हाकेला ओ देणार नाही. हे, अगदी हेच राहीला सांगायचं. कमळाला वाक्य सापडलं आणि ती झपाझप उतरू लागली. राहीला उद्या सकाळची गाडी होती. सांगायचं ते आजच सांगायला हवं होतं.

घराच्या अंगणात येते तोच आतून आवाज आला. म्हातारीचा. कमळाने तो इतका मोठा कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. पडवीत गंगाराम पायाच्या अंगठ्यात जाळं अडकवून बसला होता. त्याने भुवया उंचावल्या. "सकाळपासून चाललंय," तो म्हणाला. "तोंडाला शीत लावू देत नाय." आत राही रडवेल्या आवाजात म्हणत होती, "आये, मी राही गो. तुजी राही. एक घास खा." आणि म्हातारी म्हणत होती, "कोन राही? हात लावू नको! माजी सून बोलीव!" एरवी कमळा घराला वळसा घालून मागे गेली असती, साबण लावून, लुगडं बदलून आत आली असती. आज ती पाटी कमरेवर तशीच घेऊन उंबरा ओलांडून आत शिरली.

राही खाटेजवळ बसली होती. वाडीत दिलेल्या बाईला शोभेल असं कोरं पातळ, हातात भाताचं ताट, आणि चेहरा पार उतरलेला. "वयनी, बग गो," ती म्हणाली, आणि मग तिच्या नाकाला वास आला. "अगो, हातपाय तरी धुवायचेस!" कमळाने पाटी खाली ठेवली आणि म्हातारीला सावरायला हात पुढे केला. ठमाबाईने आपल्या चालत्या हाताने तो मनगटाशी धरला. घट्ट धरला. नाकाशी नेला. मग कमळाच्या हातावर चिकटून वाळलेला एक खवला नखाने उचलला, अंगठ्याखाली चोळून बघितला.

"बांगडा," ती म्हणाली. आणि त्या हातावरून नजर वर वर नेत ती चेहऱ्यापर्यंत आली. "कमळे. येवडी लौकर?"

 पडवीत गंगारामची सुई थांबली होती.

"खपलं?" ठमाबाईने विचारलं.

"खपलं."

"सगळं?"

"सगळं."

"मंग सस्तं दिलंस."

कमळाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते होतं तिथेच राहिलं. "सस्तं?" ती म्हणाली. "तुमी व्हतात काय तिथं? सस्तं कशाला देईन मी? लोकं तुटून पडलीत आज!"

"तुटून पडतील नायतर काय! येवडे दिवस उपाशी हायत. आजच्याला थांबाय पायजे. दुपार करायची, मंग बग कसे येतात. तुला घाई. तुला पयल्यापासून घाई."

"घाई? नि उनात मासळी मऊ पडली म्हंजे? बर्फ तरी व्हता काय आज?"

"बर्फ नाय म्हनून सांगू नको मना. हौसाकडून मागून घ्यायचा."

"हौसा देते वाटतं! तुमी दिलाव तिला कदी?"

दोघींचे आवाज चढले. बाजारात शोभावेत असे आवाज, त्या घराला फार मोठे. कमळाला खराच राग आला होता. सकाळभर घसा फोडून तिने एकही बांगडा पडत्या भावाने दिला नव्हता, आणि खाटेवर पडून ही बाई तिला धंदा शिकवत होती. किती दिवसांनी कुणीतरी तिला चूक ठरवत होतं! "वयनी," राही मधेच कळवळून म्हणाली, "आजारी मानसाशी असं—"

"तू गप," ठमाबाई तिच्याकडे न बघता म्हणाली. "आमचं चाललंय." मग श्वास घ्यायला थांबली, पुन्हा कमळाकडे वळली. "पाट?"

"बाजारात."

"उलटा घातलास?"

"उलटा घातला."

"बरं केलंस. घरी आनलास तर जागा गेली. मंग बस रडत." मनगटावरची तिची पकड जरा सैल झाली, पण हात तिने सोडला नाही. "उद्या आजून लौकर जा. दोन दिवस असाच बाजार राहील."

राहीसाठी जुळवलेलं ते वाक्य कमळाच्या जिभेवर होतं, पिंपाचं, तांब्याचं, सुटकेचं. ते आता कुणाला सांगायचं? त्याऐवजी तिच्या तोंडून निघाला तो प्रश्न, जो राहीने विचारला होता, भिवाने ताटात बघत उचलून धरला होता, आणि सगळा रस्ताभर ती ज्याला उत्तर देत आली होती. "मी जाईन," ती म्हणाली, "पन आये, तुमच्याजवळ कोन?"

ठमाबाईने खोलीभर नजर फिरवली. दोरीवरची लुगडी, पाण्याचा माठ, दारातून दिसणारी गंगारामची पाठ. मग तिने राहीकडे पाहिलं, कोऱ्या पातळाकडे, बांगड्यांकडे, मांडीवरच्या ताटाकडे. बराच वेळ पाहिलं.

"ही बाय कवापासून रिकामीच बसलीय," ती म्हणाली. "ही बगंल."

राहीचे ओठ हलले. कमळाला सांगावंसं वाटलं, आये, ही राही, तुमची लेक. पण तिने फक्त राहीकडे पाहिलं. अख्खा पावसाळा ती स्वतः या खाटेसमोर अनोळखी होऊन बसली होती, आणि तेव्हा सांगून काही उपयोग झाला नव्हता.  राहीच्या डोळ्यांतलं पाणी गालावरून खाली आलं, तिने ते पुसलं नाही. मग तिने ताट उचललं आणि कमळाच्या हातात दिलं. उठली. कोऱ्या पातळाचा पदर कमरेला घट्ट खोवला आणि खाटेखालचं भांडं पायाने जरा पुढे ओढून ते कुठे नेऊन धुवायचं असतं, ते बघायला मागच्या दाराकडे नजर टाकली.

"वयनी," ती म्हणाली, "सकाळी निगताना मना उठव. पेज किती पातळ लागते तिला, ते दाव."

"नि तुमची गाडी?" कमळाने विचारलं.

राहीने भांडं उचललं. "गाड्या काय," ती म्हणाली, "रोज हायत."